‘भावना दुखावल्या’ ही काठी आपण हातात घ्यायची का?

२ फेब्रुवारी २०२४ ची संध्याकाळ. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचे एक नाटक चालू होते. रामलीलेत कामे करणारी नटमंडळी पडद्यामागे कशी वागतात, यावरचे ते प्रहसन. सीतेचे सोंग घेतलेला नट सिगारेट ओढतो, शिव्या देतो, असा प्रसंग त्यात होता. अभाविपचे कार्यकर्ते रंगमंचावर चढले आणि नाटक बंद पाडले. पोलिसांनी विभागप्रमुख प्राध्यापक आणि पाच विद्यार्थ्यांवर धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा नोंदवून त्यांना अटक केली. दुसऱ्या दिवशी त्यांना जामीन मिळाला. त्याच दिवशी दुसऱ्या एका टोळक्याने ललित कला केंद्रात घुसून तोडफोड केली.

विद्यापीठाला नाव कोणाचे? सावित्रीमाईचे. शाळेत शिकवायला जाताना जिच्या अंगावर शेण फेकले गेले, तिचे. ते शेण फेकणाऱ्यांच्याही ‘भावना दुखावल्या’ होत्या, हे विसरू नका.

तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी अटकेचा निषेध केला. मीही केला. आमच्या अकोले तालुक्यातली महाविद्यालयेही याच विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्यामुळे पोरांमध्ये चर्चा झाली. स्टँडजवळच्या टपरीवर चहा पिताना एका मुलाने मला सरळ विचारले, “दादा, रामलीलेची थट्टा झाली की तुम्ही अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणता. उद्या कोणी बाबासाहेबांचे मीम टाकले तर? तेव्हा पोलीस स्टेशनला जायचं का नाही?”

त्या वेळी मी काहीतरी उत्तर दिले. त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. कारण हा प्रश्न आपले विरोधक रोज विचारतात आणि आपण रोज टाळतो.

देवाची थट्टा आपल्याला नवी नाही

आपल्या भागातल्या कुठल्याही जत्रेला जा. रात्री तमाशा असतो. गण झाला की गौळण येते. गौळणीत कृष्ण गवळणींची वाट अडवतो, पेंद्या बोबडे बोलतो, मावशी कंबरेवर हात ठेवून देवालाच दमात घेते. मावशीचे काम पुरुष करतो. देवाची इतकी टर खुद्द देवाच्याच जत्रेत उडवली जाते आणि समोर बसलेला भाविक माणूस पोट धरून हसतो. ही कला जिवंत ठेवली ती प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी. म्हणजे देवाची थट्टा करण्याचा या मातीतला परवाना गावकुसाबाहेरच्या माणसाकडे होता. संगमनेर इथून जवळ. तिथला अनंत फंदी हा शाहीर पेशवाईत गाजला. फटका हा प्रकार त्याच्या नावाने ओळखला जातो. बोचरे बोलणे ही आपल्या लोककलेची जुनी सवय आहे.

या थट्टेला विचाराची धार दिली जोतीराव फुल्यांनी. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी दशावतारांच्या कथा एकेक करून उलगडल्या आणि त्यांची खिल्ली उडवली. परशुराम चिरंजीव आहे असे भटजी सांगतात ना? मग जोतीरावांनी त्याला थेट नोटीस काढली, की जिवंत असशील तर सहा महिन्यांच्या आत हजर हो! कोर्टाच्या भाषेत देवाला समन्स. आज एखाद्या मुलाने इन्स्टाग्रामवर असा व्हिडिओ टाकला तर संध्याकाळपर्यंत किती पोलीस ठाण्यांत तक्रारी जातील, याचा अंदाज करा.

पुढे सत्यशोधक जलसे आले. तमाशाचाच साचा घेऊन त्यांनी भटशाहीची सोंगे काढली. त्यांच्या मागून आंबेडकरी जलसे आले. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे त्यातले मोठे नाव. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचवला तो या जलशांनी. हसवत हसवत पोचवला.

म्हणजे चिकित्सा आणि थट्टा ही आपल्या चळवळीची हत्यारे आहेत. ज्यांच्याकडे जमीन नाही, सत्ता नाही, शाळा नाही, त्यांच्याकडे एवढेच होते.

१९२७ : एक कायदा आणि एक होळी

आता कायद्याकडे या. १९२४ मध्ये लाहोरला पैगंबरांवर टीका करणारी एक पुस्तिका निघाली. प्रकाशक हायकोर्टातून सुटला, वातावरण तापले आणि इंग्रज सरकारने १९२७ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम २९५-अ घातले. एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूने दुखावणे हा गुन्हा ठरला. कायदा आला म्हणून रक्तपात थांबला का? नाही. १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झाला. आज भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९९ या आकड्याने बसले आहे.

त्याच १९२७ साली, २५ डिसेंबरला, महाडमध्ये मनुस्मृती जाळली गेली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकीकडे सरकार म्हणते, धर्मभावना दुखावणे गुन्हा. दुसरीकडे बाबासाहेब म्हणतात, माणसाला जनावरापेक्षा खालचा ठरवणारा ग्रंथ जाळणे हे आमचे कर्तव्य. मनुस्मृती पवित्र मानणाऱ्यांच्या भावना त्या दिवशी दुखावल्या की नाही? नक्कीच दुखावल्या. ‘कोणाच्या तरी भावना दुखावल्या’ एवढाच निकष लावला तर महाडची होळी हा गुन्हा ठरतो, ‘गुलामगिरी’ गुन्हा ठरते आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या २२ प्रतिज्ञाही गुन्हा ठरतात.

मी अतिशयोक्ती करत नाही. ५ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीच्या आंबेडकर भवनात धम्मदीक्षेचा कार्यक्रम झाला आणि तिथे त्याच २२ प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या. दिल्ली सरकारचे मंत्री राजेंद्र पाल गौतम तिथे हजर होते. हिंदू देवतांचा अपमान झाला अशी ओरड सुरू झाली. चार दिवसांत त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. बाबासाहेबांनी स्वतः दिलेल्या प्रतिज्ञा म्हटल्या, एवढाच त्यांचा अपराध.

ही काठी कोणाच्या पाठीवर पडते?

‘रिडल्स’चे प्रकरण आपल्या वडीलधाऱ्यांनी अंगावर झेलले आहे. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला, संपादक वसंत मून. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ त्यात होते. त्यातल्या राम आणि कृष्णावरच्या प्रकरणाने भावना दुखावल्या, ते काढून टाका, अशी मागणी शिवसेनेने केली. ग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्या. मग ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत आपला लाखोंचा मोर्चा निघाला. गट-तट विसरून माणूस रस्त्यावर आला. मोर्चा हुतात्मा चौकातून गेला म्हणून त्या चौकाचे ‘शुद्धीकरण’ केले गेले. १९२७ साली चवदार तळे शुद्ध करून घेणारे आणि १९८८ साली हुतात्मा चौक शुद्ध करणारे, यांच्या डोक्यात काय फरक होता?

शेवटी तडजोड झाली. प्रकरण राहिले, पण या मतांशी शासन सहमत नाही अशी तळटीप खाली आली. घटनेच्या शिल्पकाराचे लिखाण त्याच घटनेखाली चालणाऱ्या सरकारने छापले आणि वर हात झटकले.

उत्तर प्रदेशात ललई सिंह यादव यांचे काय झाले तेही वाचा. पेरियार यांच्या रामायणावरच्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद ‘सच्ची रामायण’ त्यांनी छापला. १९६९ मध्ये सरकारने तो जप्त केला, कारण तेच, भावना. ललई सिंह हायकोर्टात जिंकले. सरकार सुप्रीम कोर्टात गेले, तिथेही १९७६ मध्ये जिंकले ते ललई सिंहच. एकटा माणूस सात वर्षे लढला.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. १६ मे २०१५, शिर्डी. नर्सिंगचे शिक्षण घेणारा आपला एक तरुण. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, काहींना ती खुपली आणि त्याचा जीव घेतला गेला. रिंगटोन! ना कोणाच्या देवाची थट्टा, ना कोणावर टीका. आपल्या बापाचे गाणे एवढेच. अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर पुण्या-मुंबईत परिसंवाद होतात, त्यात या खुनाचा उल्लेख तुम्ही कधी ऐकला? त्याला ‘जातीय अत्याचार’ म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकले जाते. माझ्या मते तो महाराष्ट्रातला अभिव्यक्ती स्वातंत्र्यावरचा सर्वात क्रूर हल्ल्यांपैकी एक आहे.

राजा ढाले यांनी १९७२ च्या १५ ऑगस्टला ‘साधना’त हेच विचारले होते. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला जेवढी शिक्षा, त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढीच शिक्षा दलित बाईच्या विटंबनेला का? तेव्हा महाराष्ट्र खवळला. पण कशावर खवळला? ढालेंच्या भाषेवर. त्या बाईवर काय गुदरले त्यावर नाही.

या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ‘भावना’ ही कायद्याच्या पुस्तकात सगळ्यांची असते, पोलीस ठाण्यात ती ज्याच्या मागे माणसे जास्त त्याची असते. ही काठी ज्या दिवशी बनली त्या दिवसापासून तिची मूठ दुसऱ्याच्या हातात आहे.

सुप्रीम कोर्टातले अकोल्याचे नाव

अकोले तालुक्यातल्या तरुणांना एक खटला माहीत असलाच पाहिजे. दादासाहेब रूपवते हे आपल्या तालुक्याने आंबेडकरी चळवळीला दिलेले नेतृत्व. अकोल्याच्या अगस्ती महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेला त्यांचे नाव आहे. त्यांचे पूर्ण नाव दामोदर तात्याबा रूपवते. आणि सुप्रीम कोर्टाच्या एका गाजलेल्या निकालाचे नाव आहे ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध संघराज दामोदर रूपवते’. हे संघराज म्हणजे दादासाहेबांचे चिरंजीव.

खटला कशाचा होता? जेम्स लेन या अमेरिकी अभ्यासकाचे शिवाजी महाराजांवरचे पुस्तक २००३ मध्ये आले. त्यात जिजाऊंविषयीच्या एका हीन कुजबुजीचा, विनोदाचा उल्लेख होता. संताप उसळला आणि तो संताप खोटा होता असे मी म्हणणार नाही. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. तरीही ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, ग्रंथांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. हल्ला करणारे संभाजी ब्रिगेडचे, म्हणजे बहुजन संघटनेचे. त्यामुळे आपल्यातल्या अनेकांना तेव्हा आतून बरे वाटले होते, हे मान्य करू या. सरकारने लगेच पुस्तकावर बंदी घातली.

अशा वातावरणात बंदीविरुद्ध हायकोर्टात कोण गेले? संघराज रूपवते, आनंद पटवर्धन आणि कुंदा प्रमिला. त्यांना ती कुजबुज पटली होती का? नाही. पुस्तक पटणे आणि पुस्तकावर सरकारने बंदी घालणे पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यांना कळत होते. २००७ मध्ये मुंबई हायकोर्टाने बंदी उठवली. ९ जुलै २०१० ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. कोर्टाने सरकारला विचारले, या पुस्तकामुळे कोणत्या दोन समाजांत शत्रुत्व वाढते ते तुमच्या आदेशात कुठे आहे? सरकारकडे उत्तर नव्हते. महाराजांना मानत नाही असा समाज महाराष्ट्रात दाखवणार तरी कुठून?

ललई सिंहांच्या खटल्यातही सरकार अशाच ठिकाणी अडकले होते. जप्तीच्या आदेशात कारणेच दिलेली नव्हती. ‘सच्ची रामायण’ सोडवणारे तत्त्व आणि लेनचे पुस्तक सोडवणारे तत्त्व एकच आहे. पहिले हवे आणि दुसरे नको, असे म्हणता येत नाही.

आता आपल्या घरात बघू

इथपर्यंत वाचताना तुम्ही माना डोलावल्या असतील. आता अवघड भाग.

२०१२ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातले एक व्यंगचित्र गाजले. शंकर यांनी ते १९४९ मध्ये काढले होते. गोगलगाय म्हणजे राज्यघटना, तिच्यावर बाबासाहेब बसलेले, मागे नेहरू चाबूक घेऊन उभे. ११ मे २०१२ ला संसदेत गदारोळ झाला, सरकारने पुस्तकातून चित्र काढायचे जाहीर केले. सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तोडणारे आपले होते. घोषणा ‘जय भीम’ होत्या.

बारा वर्षांनी त्याच विद्यापीठाच्या आवारात ललित कला केंद्राची तोडफोड झाली. घोषणा वेगळ्या होत्या. फुटलेल्या काचेला मात्र घोषणेतला फरक कळत नाही.

मी आपल्या पोरांच्या रागाला वेडेपणा म्हणत नाही. त्या रागाला कारण होते. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे गोळा करून २०१९ मध्ये पुस्तक काढले. ते बघा. इंग्रजी वृत्तपत्रांत देशातला सर्वात विद्वान माणूस बुटका, रडका, हट्टी पोरासारखा रंगवला आहे. चित्रकार सवर्ण, संपादक सवर्ण, हसणारा वाचक सवर्ण. वर्गात एकच दलित मुलगा आणि फळ्यावर चाबूक उगारलेले चित्र, तेव्हा त्याला काय वाटेल, हा प्रश्न रास्तच होता. पाठ्यपुस्तकात काय असावे यावर आक्षेप घेणे, मोर्चा काढणे, समितीपुढे म्हणणे मांडणे, हा आपला पूर्ण हक्क आहे.

पण तोडफोडीने काय मिळवले? श्याम सुंदर यांचे पुस्तक आणि ती तोडफोड, दोन्ही एकाच रागातून आल्या. तोडफोडीने एका दिवसात आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ज्यांनी आयुष्यभर बाबासाहेबांचा द्वेष केला ते त्या दिवशी अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे रक्षक झाले. पुस्तकाने मात्र सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या चित्रकारांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्यासाठी ती चित्रे दाबून चालले नसते, ती छापावीच लागली.

हरी नरके यांनीही हेच केले. १९८८ मध्ये ‘सोबत’ साप्ताहिकात जोतीरावांची बदनामी करणारे लेख आले. नरके यांनी कागदपत्रे धुंडाळली आणि पुस्तक लिहून एकेक आरोप खोडला. अरुण शौरींनी बाबासाहेबांविरुद्ध जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हा य. दि. फडके यांनी त्यांचे दाखले तपासून उत्तर दिले. आज शौरींचे आरोप कोणी उकरले तर आपल्या हातात काय आहे? फडक्यांचे पुस्तक. तेव्हाच्या घोषणा हवेत विरल्या.

मग मर्यादा कुठे?

“म्हणजे काहीही चालू द्यायचे का?” नाही. बाबासाहेब अमर्याद स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते नव्हते. घटनेच्या कलम १९(२) मध्ये मर्यादा आहेत. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी ही कारणे वाढवली, तेव्हा कायदेमंत्री बाबासाहेबच होते आणि त्यांनी त्या दुरुस्तीची बाजू मांडली. पण ती यादी नीट वाचा. देशाची सुरक्षा आहे, सुव्यवस्था आहे, सभ्यता-नीतिमत्ता आहे, बदनामी आहे, चिथावणी आहे. ‘भावना’ हा शब्द त्या यादीत नाही. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने २९५-अ वैध ठरवले तेही सुव्यवस्थेच्या आधारावर. आणि मुद्दाम, दुष्ट हेतूने केलेला गंभीर अपमानच त्यात बसतो, सहज किंवा अनवधानाने झालेला नाही, असे बजावून.

माझ्यापुरते मी तीन प्रश्न ठरवले आहेत.

पहिला, थट्टा कशाची आहे? विचाराची, ग्रंथाची, देवाची, नेत्याची, की जन्माने मिळालेल्या माणसाच्या जातीची? देवाला अब्रूनुकसानी होत नाही. वस्तीतल्या माणसाला होते. रामलीलेतल्या नटावरचे प्रहसन वेगळे आणि ‘फुकट्या’, ‘कोट्यातला डॉक्टर’ म्हणून आपल्या मुलीला रोज वॉर्डात डिवचणे वेगळे. दुसऱ्यासाठी अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे आणि तो तिथे वापरलाच पाहिजे. हाच निकष उलटाही लावा. कोणी मुसलमानांच्या, ख्रिश्चनांच्या किंवा अगदी ब्राह्मणांच्या जन्मावर गलिच्छ बोलत असेल तर त्यात आपण हसायला बसायचे नाही. बाबासाहेबांची लढाई ब्राह्मण्याशी होती.

दुसरा, थट्टेच्या मागे काठी आहे का? पुतळ्याला चपलांचा हार घालणे ही थट्टा नाही, ती ‘पायरीने राहा’ अशी धमकी आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली आणि पाठोपाठ पोलिसांच्या गोळ्यांनी आपले १० जण मारले. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली, त्यानंतर वस्त्यांवर काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. अशा वेळी गुन्हा नोंदवा, मागे हटू नका.

इथे कायदा जाणणारा एखादा मित्र म्हणेल, अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आपल्याला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे हाही गुन्हा केला आहे, मग ते कलम का सोडायचे? सोडू नका. पण कुठे वापरायचे ते ठरवा. जातीच्या मस्तीत बाबासाहेबांना शिवी देणाऱ्यावर ते वापरा. बाबासाहेबांच्या एखाद्या निर्णयावर टीका करणाऱ्या अभ्यासकावर, व्यंगचित्रकारावर ते वापरलेत, तर ज्या कायद्याने वस्तीतल्या बाईला आधार दिला त्याचीच धार तुम्ही बोथट कराल. ‘गैरवापर होतो’ म्हणणारे टपूनच बसले आहेत.

तिसरा प्रश्न सर्वात कडू. हाच नियम उद्या माझ्यावर लावला तर मला चालेल का? १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टात एका तमिळ चित्रपटाचा खटला आला. चित्रपट जातीवर आधारलेल्या आरक्षणावर टीका करणारा, आपल्याला न पटणारा. बाजूने लागला तो निर्मात्याच्या. निदर्शने होतील, दंगा होईल या धमकीपुढे झुकून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, असे कोर्टाने ठरवले. त्या दिवशी हरलेली बाजू आपली वाटते. पण ‘रिडल्स’च्या पारायणाला किंवा २२ प्रतिज्ञांना उद्या कोणी दंग्याची धमकी दिली, तर आपला वकील याच निकालाचा आधार घेईल.

बाबासाहेबांनी वकील म्हणून काय केले ते आठवा. दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ १९२५ मध्ये आले. टिळक-चिपळूणकरांवर त्यात जहाल भाषेत हल्ला होता. जवळकर, केशवराव जेधे आदींना खालच्या कोर्टात शिक्षा झाली. १९२६ मध्ये अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि त्यांना सोडवून आणले. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला होता. बाबासाहेब तिथेही उभे राहिले. तो खटला ते हरले. कर्वे जन्माने ब्राह्मण, विषय लैंगिक शिक्षणाचा, चळवळीला फायदा शून्य, बदनामी नक्की. तरी उभे राहिले.

बुद्धाने काय सांगितले?

आपण बौद्ध आहोत, तर शेवटचे प्रमाण तिथलेच घेऊ. दीघनिकायाचे पहिलेच सुत्त आहे ब्रह्मजाल. राजगृह ते नालंदा या वाटेवर सुप्पिय नावाचा एक परिव्राजक बुद्धाची, धम्माची आणि संघाची निंदा करत चालला आहे. भिक्खूंमध्ये चर्चा सुरू होते. बुद्ध त्यांना सांगतात की कोणी माझी निंदा केली तर रागावू नका. रागावलात तर तो म्हणतो ते खरे की खोटे हे तुम्हाला कळणारच नाही. जे खोटे आहे ते का खोटे आहे हे समजावून सांगा. पुढे हेही सांगतात, की कोणी स्तुती केली तर हुरळूनही जाऊ नका.

स्वतःच्या निंदेवर कायदा मागणारा धर्म आणि स्वतःच्या निंदेची शांतपणे चिकित्सा करायला सांगणारा धम्म, यांतला दुसरा बाबासाहेबांनी आपल्यासाठी निवडला.

म्हणून टपरीवरच्या त्या मुलाला माझे उत्तर असे आहे. मीम आले तर आधी नीट बघ. त्यात जात काढली आहे, धमकी आहे, वस्तीवर चाल करण्याची चिथावणी आहे? मग स्क्रीनशॉट घे, दोन साक्षीदार घे, कलमे समजून घे आणि ठाण्यात जा, आम्ही सोबत येतो. नुसती टवाळी आहे? मग त्याच्यापेक्षा चांगले मीम कर. खोटी माहिती आहे? मग खंड उघड, पान काढ आणि तोंडावर ठेव. आणि उद्या रामलीलेवरच्या, पैगंबरांवरच्या किंवा आपल्याच एखाद्या नेत्यावरच्या नाटकासाठी कोणाला अटक झाली, तर नाटक आवडले नसले तरी अटकेविरुद्ध बोल.

आपले घर जोतीरावांच्या नोटिशीने, कर्डकांच्या जलशाने आणि महाडच्या होळीने उभे राहिले आहे. ‘भावना दुखावल्या’ ही काठी आपण एकदा उचलली, तर ती सर्वात आधी याच घराच्या कौलांवर पडेल.

जय भीम! जय जोती!